आमच्या आधीचा स्पॅनिश तास

आमच्या कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी सकाळी मराठीचा एक तास असतो आणि तो तास मी चालवते. चालवते म्हणजे गाणी लावते, मंडळाच्या सूचना वाचते, कोणाला बाळ झालं, कोणाचे आईवडील व्हिजावर आले ते सांगते आणि मध्ये मध्ये स्वतःची मतं ऐकवते. पगार शून्य. नवरा म्हणतो, तुझं घरी कोणी ऐकत नाही म्हणून तू अख्ख्या सिडनीला ऐकवायला जातेस. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नाही.

स्टेशन म्हणजे काउन्सिलच्या एका जुन्या हॉलमागच्या दोन खोल्या. एका खोलीत स्टुडिओ, दुसरीत फोन, किटली आणि कधीच न संपणारा बिस्किटांचा डबा. दोन खोल्यांच्या मध्ये एक मोठी काच. सोमवार ते शुक्रवार मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या. चुका शोधायचं मला जमतं. गोड शब्दांचं अजून शिकते आहे.

माझ्या आधीचा तास स्पॅनिशचा. तो करायचे एक क्यूबन गृहस्थ. वय सत्तरीच्या बरंच पुढे, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट आणि पायात पॉलिश केलेले काळे बूट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ट्रॅक पँट आणि थॉंग्जमध्ये होते. इथे चपलांना थॉंग्ज म्हणतात, ते पचवायलाच मला वर्ष लागलं होतं. त्यांनी माझ्या पायांकडे असं पाहिलं की मला पाय कुठे लपवू असं झालं.

"रेडिओवर पाय दिसतात का?" मी शेवटी विचारलंच.

"आवाजात दिसतात," ते म्हणाले.

त्या दिवशी काचेपलीकडून मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो आवाज! खालच्या पट्टीत सुरू व्हायचा, हळूहळू चढायचा, मध्येच थांबायचा, आणि थांबला की माझाही श्वास थांबायचा. कोणीतरी मोठा माणूस गेला असणार, नाहीतर कुठेतरी लढाई सुरू झाली असणार, अशी माझी खात्री पटली. ते बाहेर आल्यावर मी गंभीर चेहरा करून विचारलं, काय झालं म्हणून.

"काही नाही," ते म्हणाले. "चिलीच्या क्लबचा बार्बेक्यू पुढच्या शनिवारी ढकललाय. पावसामुळे."

आमच्या नंतरचा हिंदी तास करणारा लखनौचा इंजिनिअर त्यांना पहिल्या दिवसापासून "उस्ताद" म्हणायचा. त्याचा अर्थ त्यांनी विचारून घेतला, दोन-तीनदा उच्चारून पाहिला आणि पसंत केला. मग आम्ही सगळेच त्यांना उस्ताद म्हणायला लागलो. स्टेशनची प्रेसिडेंटसुद्धा म्हणायची. ती एक निवृत्त ऑस्ट्रेलियन शाळामास्तरीण, कशालाही "नो वरीज" म्हणणारी आणि प्रत्येक गोष्टीची वरी करणारी.

मी हळूहळू लवकर जायला लागले आणि उस्ताद त्यांचा तास संपल्यावर माझ्यासाठी थांबायला लागले. त्यांची कॉफी काळी, घोटभर आणि इतकी गोड की आमच्या घरची बासुंदी लाजेल. त्या कॉफीबरोबर त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने मिळत गेलं, आणि ते ऐकून मला पहिल्यांदा समजलं की मी रेडिओवर जे करते ते काहीच नाही.

उस्तादांचं गाव तंबाखूचं. वडील सिगारच्या कारखान्यात सिगार वळायचे. तिथल्या कारखान्यांत एक जुनी रीत आहे. कामगार बाकांवर ओळीने बसून हाताने सिगार वळत असतात, आणि समोर एका उंच चौथऱ्यावर खुर्ची टाकून एक माणूस त्यांना दिवसभर मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. त्याचं काम एवढंच, वाचायचं. कोणती कादंबरी वाचायची ते कामगार मतं टाकून ठरवतात. आणि वाचणारा कोण असावा, तेही तेच ठरवतात.

मला हे इतकं आवडलं की मी दोनदा सांगायला लावलं. आमच्याकडेही विड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांना कोणी दिवसभर कादंबरी वाचून दाखवली असती तर काय बहार आली असती! अर्थात कादंबरी कोणती यावरून पहिल्याच दिवशी भांडणं होऊन विड्या तशाच राहिल्या असत्या, हा भाग वेगळा.

उस्ताद त्या चौथऱ्यावर चढले तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं एवढंच. जुन्या वाचकाचा घसा गेला म्हणून परीक्षा झाली. समोर बसलेल्यांत त्यांचे वडीलही होते.

"टाळ्या वाजवल्या का त्यांनी?" मी विचारलं.

"हात रिकामे कुठे असतात? पान कापायचं एक पातं असतं प्रत्येकाकडे. वाचन आवडलं की ते पातं समोरच्या फळीवर आपटतात. टक टक टक. सगळा हॉल. आणि नाही आवडलं किंवा चूक वाचलं, की पातं जमिनीवर टाकतात."

"तुमच्या वेळी?"

"वडिलांनी पहिलं जमिनीवर टाकलं," उस्ताद म्हणाले. "मी एक शहराचं नाव चुकीचं वाचलं होतं. मग मी पुन्हा बरोबर वाचलं, तेव्हा फळीवर आपटलं त्यांनी."

तेव्हापासून म्हणे त्यांनी कधी चुकीचं वाचलं नाही. मी टेस्टर असल्यामुळे "कधीच चुकलो नाही" म्हणणाऱ्या माणसाकडे मी जरा संशयाने बघते. पण त्यांच्याकडे बघून वाटलं, असेलही.

कारखान्यातून ते प्रांताच्या रेडिओवर गेले. आधी बातम्या, मग ज्यासाठी ते गावोगाव ओळखले गेले ती कामगिरी: रेडिओवरची रोजची मालिका. त्यात ते निवेदक. "ती दार उघडते, आणि समोर कोण असतं?" हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. दुपारी त्यांचा आवाज सुरू झाला की म्हणे चुलीवरचा भात करपायचा. बायका रस्त्यात अडवून विचारायच्या, त्या पोरीचं लग्न होणार का नाही ते आत्ता सांग. एका म्हातारीने तर त्यांना छत्रीने मारलं होतं, कारण मालिकेतल्या नवऱ्याने बायकोला सोडलं आणि ती बातमी यांनी दिली.

मग त्यांची मुलगी शिकायला बाहेर पडली, एका ऑस्ट्रेलियन मुलाच्या प्रेमात पडली आणि सिडनीत स्थायिक झाली. उस्तादांची बायको गेली, आणि मुलीने यांना बोलावून घेतलं. इथे आल्यावर काही वर्षं त्यांनी बिस्किटांच्या फॅक्टरीत काम केलं. सवयीने तिथेही ते लंचमध्ये मोठ्याने वाचायला लागले. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून फायर ड्रिलच्या सूचना वाचल्या. व्हिएतनामी सुपरवायझर म्हणाला, मेट, आग लागलीय का? मग कोणीतरी त्यांना आमच्या स्टेशनचा पत्ता दिला. मी मराठी तास घेतला त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे होते.

त्यांच्या तासात शेवटची वीसेक मिनिटं ते स्वतः रचलेली मालिका सांगायचे. बंदरावरच्या एका गावातलं घर, घरात एक आई, आणि परदेशी गेलेली तिची मुलं. सगळी पात्रं हेच करायचे. म्हातारीचा आवाज हेच, तरुण पोरीचा आवाज हेच, कुत्राही हेच. आवाजांसाठी घरून पिशवी आणायचे. नारळाच्या करवंट्या म्हणजे घोडा, जुना पत्र्याचा ट्रे म्हणजे वादळ, एक कप आणि चमचा म्हणजे कॉफी. मी काचेतून बघायचे. कळायचं काहीच नाही, तरी तास संपू नये असं वाटायचं.

आणि मग प्रेसिडेंटने मीटिंग बोलावली.

तिचं म्हणणं वाजवी होतं, तेच तर वाईट होतं. नेपाळी मंडळी तास मागत होती, तेलुगू मंडळी मागत होती, आणि रविवारची सकाळ काही रबरासारखी ताणता येत नाही. तेव्हा येत्या महिन्यात प्रत्येक कार्यक्रमाने आपल्याला श्रोते आहेत हे दाखवायचं. फोन येऊ देत, मेसेज येऊ देत, काहीही. ज्या तासाला काहीच येणार नाही, तो इंटरनेटवर रेकॉर्ड करून टाकायचा. "इट्स नॉट पर्सनल," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी पर्सनली घेतलं.

उस्तादांच्या तासाला फोन येत नसे. एकही नाही. याचं कारण साधं होतं: त्यांनी स्टेशनचा नंबर हवेवर, म्हणजे चालू कार्यक्रमात, कधी सांगितलाच नव्हता.

"सांगा की आता," मी म्हटलं.

"निवेदक बोलतो, लोक ऐकतात. निवेदकाने फोन करा म्हणून सांगायचं म्हणजे हात पसरायचा."

"अहो, तास जाईल!"

तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मुलीचं घर चांगलं आहे. जावई चांगला, नातवंडं गोड. पण सगळे इंग्लिश बोलतात. मुलगीसुद्धा आता माझ्याशी इंग्लिशच बोलते, तिच्या लक्षातही येत नाही. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी 'यस', 'थँक यू', 'व्हेरी नाइस' एवढंच बोलतो. रविवारी एक तास मी माणूस असतो. इंटरनेटवर मी कोणाशी बोलायचं? यंत्राशी?"

माझी मुलगी इयर टेनमध्ये, म्हणजे दहावीत आहे. मी विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "आय वॉज नॉट हंग्री, आई." त्यातला "आई" तेवढा मराठी. उद्या तोही गेला तर? मी त्या दिवशी ठरवलं की हा तास जाऊ द्यायचा नाही, मग कोणाच्या मानाला धक्का लागला तरी चालेल.

आणि उपाय माझ्याकडे होता. चांगला, अनुभवसिद्ध, अस्सल मराठी उपाय.

आमच्या श्रोत्यांची एक खासियत आहे. कार्यक्रम चांगला झाला तर कोणी फोन करत नाही. फार तर सहा महिन्यांनी गणपतीत भेटल्यावर म्हणतात, "ऐकतो हं आम्ही तुला, मध्ये मध्ये." पण मी काही चुकले, की झालं. त्यांचा सगळा जिव्हाळा चूक दाखवण्यात उफाळून येतो.

"पुढच्या रविवारी माझ्या तासाला थांबा," मी उस्तादांना सांगितलं. "बघा काय होतं ते."

त्या रविवारी मी दोन गाण्यांच्या मध्ये थालीपिठाच्या भाजणीची कृती सांगितली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, सगळं नीट सांगितलं, आणि शेवटी अगदी सहज म्हटलं, "धने घालायची काही गरज नाही हं. चवीत फरक पडत नाही."

गाणं सुरू झालं नाही तोच स्टुडिओतल्या जोडफोनचे सगळे दिवे पेटले. पहिला फोन टूनगॅबीतल्या एका हार्ट स्पेशालिस्ट बाईंचा. त्या हॉस्पिटलच्या राउंडला निघाल्या होत्या आणि गाडी बाजूला घेऊन बोलत होत्या. "अगं, धन्याशिवाय भाजणी? काय बोलतेस तू? हे रेडिओवर सांगतेस?" दुसरे गृहस्थ म्हणाले, त्यांची आई आत्ता पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आहे आणि तिला माझ्याशी बोलायचंय. मेलबर्नच्या क्लेटनमधला एक विद्यार्थी इंटरनेटवर ऐकत होता. त्याने आयुष्यात भाजणी केली नव्हती, पण तो म्हणाला, "काकी, सॉरी टू से, पण दिस इज राँग." पार अॅडलेडच्या मॉसन लेक्सवरून एका बाईने मेसेज केला: "तू मूळची कुठली?" एवढंच. त्या तीन शब्दांत माझ्या सात पिढ्यांची झाडाझडती होती.

उस्ताद काचेपलीकडे उभे राहून त्या दिव्यांकडे बघत होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे विस्फारलेले होते.

"हे सगळे तुझ्यावर रागावलेत?"

"प्रचंड."

"आणि तुला आनंद होतोय?"

"उस्ताद, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं म्हणून तर चूक सापडली! तुम्हीही एक चूक करा. एकच. छोटीशी."

त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांना बँक लुटायला सांगितलं. हवेवर मुद्दाम चुकायचं? त्यांनी? मी हट्टाला पेटले. त्यांना घरी जेवायला बोलावलं, थालीपीठ वाढलं, धने घातलेलं, आणि माझ्या लेकीसमोर विषय काढला. तिने फोनमधून डोकं वर करून एका वाक्यात निकाल दिला: "इट्स नॉट अ मिस्टेक इफ यू डू इट ऑन पर्पज, इट्स अ प्रँक." हे उस्तादांना पटलं. चूक करायची नव्हती, थट्टा करायला हरकत नव्हती.

मग आम्ही विषय निवडला: एम्पनाडा. एम्पनाडा म्हणजे साधारण आपली करंजी, पण आत खिमा. उस्तादांचे बहुतेक श्रोते चिलीचे. त्यांनी मालिका संपल्यावर, अगदी शेवटी, सहज म्हणायचं की खरी एम्पनाडा अर्जेंटिनाची, चिलीच्या लोकांना ती जमत नाही. उस्ताद हे वाक्य आमच्या डायनिंग टेबलापाशी उभं राहून म्हणून बघत होते, वेगवेगळ्या पट्ट्यांत, आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसत सुटत होते. फोन नंबरही शेवटी सांगायचं कबूल केलं, पण "सूचना म्हणून, विनंती म्हणून नाही."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रेसिडेंट स्वतः येऊन बसली. मी फोनपाशी. उस्तादांच्या शर्टाची इस्त्री त्या दिवशी नेहमीपेक्षा कडक. बातम्या झाल्या, गाणी झाली, मालिका सुरू झाली. म्हातारीचा आवाज आला, मुलाचा आला. मग त्यांनी कप घेतला, चमचा घेतला, मायक्रोफोनजवळ नेऊन हलकेच ढवळायला लागले. टिंग टिंग टिंग. किती छान, मी मनात म्हटलं.

आणि फोनचा एक दिवा पेटला.

मी गोंधळले. एम्पनाडाला अजून वेळ होता, नंबर अजून सांगायचा होता. फोन उचलला. एक बाई, धाप लागलेली.

"मॅडम, द मदर इज डेड!"

"ओह, आय अॅम सो सॉरी," मी म्हटलं. "कधी झालं?"

"गेल्या वर्षी!"

तेवढ्यात दुसरा दिवा. एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्याही आईचं तेच. मी त्यांचंही सांत्वन केलं. "तुमच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," असं काहीतरी इंग्लिशमध्ये बोलून गेले. तिसऱ्या फोनवर एक तरुण मुलगी होती, तिचं इंग्लिश चांगलं होतं. ती म्हणाली, "नो, नो! मालिकेतली आई! ती हॉस्पिटलमध्ये वारली, आम्ही रडलो, माझी आजी नीट जेवली नाही. आणि आत्ता ती किचनमध्ये उभी राहून मुलाला कॉफी करून देतेय!"

मी काचेतून पाहिलं. उस्ताद म्हातारीच्या आवाजात काहीतरी म्हणत होते, फार प्रेमळ, आणि चमचा ढवळत होते.

त्यानंतर फोन थांबेचनात. कोणी रागावून, कोणी हसत, कोणी भूत आलं का विचारत. स्टेशनचा नंबर यांना कुठून मिळाला देव जाणे. एवढी वर्षं सगळ्यांकडे असणार, वापरायचं कारणच पडलं नव्हतं. प्रेसिडेंटच्या हातातला चहा गार झाला. "गॉश," ती म्हणाली, "ही'ज पॉप्युलर, इजन्ट ही?" आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की स्पॅनिश तास कुठेही जात नाही. मी उडीच मारली. म्हटलं, काय डोकं आहे म्हाताऱ्याचं! मी करंजीवर थांबले, हा थेट मेलेली बाई उठवून बसला.

माझं पहिलं गाणं लावून मी त्यांना दारातच गाठलं. "उस्ताद, कमाल! एम्पनाडापेक्षा कितीतरी भारी चूक!"

ते कपाळाला हात लावून म्हणाले, "एम्पनाडा राहिलीच ना! वेळच पुरला नाही. सॉरी. तुला फार वाईट वाटलं का?" मग थांबून त्यांनी विचारलं, "कुठली चूक?"

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का नको, मला अजून ठरवता येत नाही. पण माझा चेहरा काही लपवता येण्यातला नाही, आणि उस्तादांनी आयुष्यभर माणसांच्या गप्प बसण्यातूनही अर्थ काढला होता.

"आई," ते हळूच म्हणाले. "मी तिला मारली होती?"

"हो. हॉस्पिटलमध्ये. लोक म्हणतात, गेल्या वर्षी."

ते बिस्किटांच्या डब्याशेजारी बसले. "चांगली मेली होती का?"

"सगळे रडले म्हणतात."

"हं," ते म्हणाले, आणि त्या परिस्थितीतही त्यांना जरा बरं वाटलेलं मला दिसलं. मग हात पुन्हा कपाळावर गेला. घरी काही दिवस असं होत होतं, त्यांनी सांगितलं. मुलगी डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव घेतलं होतं, आणि ते नाव मात्र त्यांच्या पक्कं लक्षात होतं. "तास नेपाळच्या लोकांना द्या," ते म्हणाले. "ज्याला मेलेलं कोण आणि जिवंत कोण हे आठवत नाही, त्याने गोष्ट सांगू नये."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. आत माझं गाणं संपत आलं होतं, तरी मी त्यांना झापलं. म्हटलं, आमच्या धंद्यात चुका निघाल्या म्हणून कोणी प्रॉडक्ट कचऱ्यात टाकत नाही. टेस्टर ठेवतात, पगार देऊन ठेवतात. तुम्हाला एवढे फुकट मिळालेत, घरी बसून ऐकणारे, जीव तोडून फोन करणारे, आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवून निघालात? एवढं बोलले आणि स्टुडिओत पळाले. त्या दिवशी निवेदिका सर्दी झाल्यासारखी का बोलत होती ते मराठी श्रोत्यांपैकी कोणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ते आले. शर्ट तोच, बूट तेच. माइक सुरू झाल्यावर ते जे बोलले ते नंतर त्या तरुण मुलीने मला फोनवर सांगितलं. ते म्हणाले: गेल्या आठवड्यात मी एका बाईला उठवून कॉफी करायला लावली. तो चमत्कार नव्हता, मी विसरलो होतो. आणि यापुढेही विसरेन. तेव्हा आजपासून फोन हवेवर जोडलेला आहे. मी चुकलो की सांगा.

लोकांनी सांगितलं! काय सांगितलं! गोष्ट रांगायला लागली. दोन वाक्यं झाली की फोन: मुलाचं लग्न झालंय, कुत्रा काळा आहे, बोट मंगळवारी सुटते. उस्ताद वाद घालायचे, कधी हरायचे, कधी जिंकायचे. आईबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत झालं की आता आलीच आहे तर राहू दे. त्या तरुण मुलीच्या चिलीच्या आजीचा तसा निरोपच होता, पुन्हा मारलीस तर बघ. उस्तादांची मुलगी त्यांना गाडीने सोडायला यायची, ती पार्किंगमधून ऐकता ऐकता एकदा आत आली आणि स्पॅनिशमध्ये त्यांच्याशी कुत्र्यावरून भांडली. तेव्हापासून ती आमच्याबरोबर फोनपाशीच बसायला लागली.

परवाच्या रविवारी त्यांनी मालिका सुरू केली, म्हातारीचा आवाज काढला, एक वाक्य म्हटलं आणि थांबले. मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं थांबणं. पण ते थांबलेच. हवेवर नुसती शांतता गेली की आम्हा सगळ्यांचे हातपाय गार पडतात. काचेतून त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या नजरेत काहीच नव्हतं, ना गोष्ट ना आम्ही.

दिवा पेटला. मुलीने फोन हवेवर जोडला. चिलीची आजी होती. ती रागावली नाही, नुसती सांगायला लागली, तिच्या कापऱ्या आवाजात, गेल्या रविवारपर्यंत काय झालं ते. ती अडकली तिथे म्हाताऱ्या गृहस्थांनी उचललं. मग ती तरुण मुलगी. प्रत्येकाचा आवाज वेगळा, सांगायची तऱ्हा वेगळी. उस्तादांची मुलगी हलक्या आवाजात मला इंग्लिशमध्ये सांगत होती आणि डोळे पुसत होती. उस्ताद हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून ऐकत होते. चेहऱ्यावरची भीती गेली होती. त्यांना ती गोष्ट पहिल्यांदाच कळत होती आणि ती त्यांना फार आवडली होती.

फोनवरची ती तरुण मुलगी जराशी थांबली, तेव्हा ते माइककडे झुकले आणि स्पॅनिशमध्ये दोनच शब्द बोलले. ते मलाही कळले.

"आणि पुढे?" त्यांनी विचारलं. पलीकडे कोणीतरी पुढचं सांगायला लागलं.